ठोका म्हणजे डॉट, घासलं की डॅश

पत्र

सर, सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. स्काउट-गाइडचा तासही माझ्याकडेच आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या तासाला सहज म्हणून मोर्स कोड शिकवला, म्हणजे डॉट ही छोटी खूण आणि डॅश ही लांब खूण वापरून अक्षरं पाठवायची तारेची जुनी पद्धत. मुलं अक्षरशः वेडी झाली. मधल्या सुट्टीत डबे वाजवू लागली, वह्यांच्या मागच्या पानांवर डॉट-डॅश लिहू लागली. मला बरं वाटत होतं. मग घटक चाचणी झाली. बहुपर्यायी प्रश्नांची दहाच्या दहा उत्तरं सहा मुलांची तंतोतंत सारखी, चुकलेली दोनसुद्धा! विचारल्यावर कळलं की पेनाचा एक ठोका म्हणजे डॉट, पट्टी बाकावर घासली की डॅश. मी पर्यवेक्षण करत होते आणि माझ्या नाकाखाली हे चाललं होतं.

मुख्याध्यापकांनी ‘हे खूळ बंद करा’ म्हणून सांगितलं. पालकसभेत एकानं विचारलं, ‘हे परीक्षेला येणार आहे का?’ मला उत्तर सुचलं नाही. एक सहकारी म्हणतात, सगळ्या विषयांना जोडून एक उपक्रम करून दाखवा, म्हणजे कुणी बोलणार नाही. पण ओढूनताणून जोडायला मन घेत नाही. काय करू?

— एक शिक्षिका, संगमनेर तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी मी हसलो, आणि मग त्या सहा जणांचं मनातल्या मनात कौतुक केलं. का, ते सांगतो. पेनाच्या ठोक्याला लांबी नसते. बोट कितीही दाबून धरलं तरी ‘टक्’ एवढाच आवाज येणार. मग डॅश वाजवायचा कसा? हा प्रश्न तुम्ही त्यांना घातला नव्हता. त्यांना तो अडला आणि त्यांनीच तो पट्टी घासून सोडवला. जुन्या तारयंत्रावरही हीच अडचण होती. तिथेही पट्टी खाली आपटल्याचा एक आवाज आणि वर गेल्याचा दुसरा, एवढंच ऐकू यायचं. त्या दोन आवाजांमधलं अंतर लहान की मोठं, यावरून तारमास्तर डॉट-डॅश ओळखायचे.

कौतुक झालं, आता कॉपीचं बघू. ते दहा प्रश्न बदलून त्या सहा जणांची तोंडी परीक्षा घ्या आणि जे पडतील ते गुण द्या. त्यात दयामाया नको. त्यानंतर त्यांनाच फळ्यापाशी बोलवा आणि सगळ्या वर्गाला त्यांची पद्धत समजावून सांगायला लावा. सगळ्यांना कळलं की गुपित संपलं, आणि पुढच्या चाचणीत पट्टी घासली की मागच्या बाकावरचं पोरही हसेल. मग त्यांना विचारा, ‘चार पर्यायांसाठी तुम्ही ए, बी, सी, डी वापरलंत. त्याला खुणा किती लागल्या?’ ए-ला दोन, बी-ला चार, सी-ला चार, डी-ला तीन, अशा तेरा. चार गोष्टी वेगळ्या सांगायला खरं तर दोन-दोन खुणा पुरतात: डॉट-डॉट, डॉट-डॅश, डॅश-डॉट, डॅश-डॅश. एकूण आठ. चोरी केली तीही लांबच्या रस्त्यानं! दोनाचा वर्ग चार, हे त्या पोरांच्या डोक्यात असं बसेल की दहावीपर्यंत निघायचं नाही.

पालकांना द्यायचं उत्तरही यातच आहे. मोर्स परीक्षेला येणार नाही, घातांक येणार आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. सगळ्या विषयांना जोडून उपक्रम करू का? माझं मत विचाराल तर नको. मी चाळीस वर्षांत असे उपक्रम पुष्कळ पाहिले, दोन-चार केलेही. थर्माकोलचा मनोरा, चार्ट पेपरवर डॉट-डॅशचा तक्ता, खाली ‘मोर्स कोड आणि नागरिकशास्त्र’. तपासणीचे साहेब फोटो काढतात आणि पोरं दुसऱ्या दिवशी सगळं विसरतात. तुमचं मन घेत नाही ते बरोबरच आहे.

मी तुम्हाला एकच काम सुचवतो. आत्तापर्यंत मुलांनी इंग्रजी अक्षरांचा आयता कोड पाठ केला. आता त्यांना सांगा, ‘मराठीसाठी आपला आपण कोड तयार करायचा.’ देवनागरीसाठी तारखात्यानं पूर्वी केलेला कोड आहे, पण तो दाखवू नका. एवढं काम दिलंत की विषय तुम्हाला जोडावे लागणार नाहीत, ते दार वाजवत येतील.

सुरुवात मोजण्यापासून करा. इंग्रजी कोडमध्ये ई-ला फक्त एक डॉट आणि टी-ला फक्त एक डॅश का? कारण इंग्रजीत ती अक्षरं सगळ्यांत जास्त येतात. सॅम्युअल मोर्स मूळचा चित्रकार. त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल. हे डोकं मोर्सचं की व्हेलचं यावर अजून वाद आहेत, पण सांगतात ते असं की न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या छापखान्यात कुठल्या अक्षराचे खिळे किती ठेवलेत ते पाहून हा अंदाज बांधला गेला. जे अक्षर जास्त लागतं, त्याला छोटी खूण. मग मराठीत जास्त काय लागतं? मुलं बहुधा ‘क’ म्हणतील, कारण मुळाक्षरांत ते आधी येतं. त्यांना सांगा, मोजा.

मी परवा ‘येरे येरे पावसा’ घेऊन बसलो होतो. चार ओळी: येरे येरे पावसा, तुला देतो पैसा, पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा. अक्षरं २६. त्यांत ‘प’ चार वेळा, ‘स’ चार वेळा, ‘ल’ तीन वेळा. ‘क’ एकदाही नाही. आणि काना? अकरा वेळा! मात्रा पाच, काना-मात्रा तीन, दोन मात्रा दोनदा, उकार एकदा. म्हणजे मराठीचा एक डॉट कुठल्याही अक्षराला देऊन चालणार नाही, तो कान्यालाच द्यायला हवा. हे मुलांना तुम्ही सांगू नका. त्यांना पाठ्यपुस्तकातलं एकेक पान वाटून द्या, खुणा करून मोजू द्या, दोन पानांची तुलना जोडस्तंभालेखात काढू द्या. तो धडा तुमच्या सातवीच्या गणितात आहेच. एरवी त्यात पुस्तकातले गहू-तांदळाचे आकडे मांडायचे. इथे आकडे त्यांचे स्वतःचे असतील.

मग प्रश्न येतो, खुणा पुरतील का? एका खुणेची दोन चिन्हं, दोन खुणांची चार, तीनांची आठ, चारांची सोळा. बेरीज तीस. इंग्रजीची सव्वीस अक्षरं त्यात बसतात, चार जागा उरतातही. आपली बसतील का? व्यंजनं चौतीस. इथेच गाडी थांबली. बाराखडीच्या खुणा, अनुस्वार, विसर्ग, शिवाय ‘बॅट’ आणि ‘बॉल’ची चंद्रकोर धरली तर आकडा पन्नासच्या आसपास जातो. मग पाच खुणांपर्यंत जायला हवं. आणखी बत्तीस, एकूण बासष्ट. बसलं! शिवाय एखादं चलाख पोर म्हणेलच की आ, इ, ई, उ यांना वेगळी चिन्हं कशाला, ‘अ’ आणि पुढे काना-वेलांटी पाठवू. तसं म्हणालं तर त्याला सांगा की अि, अी, अु असं लिहावं, हे लिपिसुधारणेच्या चळवळीत सावरकरांनीही सुचवलं होतं. वर्गात दोन तट पडतील. पडू द्या.

खरी मजा जोडाक्षरांत आहे. ‘क्र’ कसा पाठवायचा? मुलं आधी प्रत्येक जोडाक्षराला वेगळं चिन्ह मागतील, आणि शंभरेक झाल्यावर दमतील. तेव्हा कुणाला तरी सुचेल की पाय मोडल्याची एक खूण ठेवली की काम भागतं: क, पायमोड, र. तिथे एक गोष्ट उघडी पडते. लिहिताना ‘र’ चार वेषांत येतो, कधी डोक्यावर रफार, कधी पोटात तिरकी रेघ, कधी पायाशी टोपी, कधी ‘दुसऱ्या’तला तो अर्धा चंद्र. तारेवर मात्र ‘र’ एकच, आणि तो ज्या जागी उच्चारला जातो त्याच जागी पाठवावा लागतो. तुमच्या वर्गात ‘आर्शिवाद’ लिहिणारी किती मुलं आहेत? माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी असायची, लाल शाई संपायची पण तो रफार हलायचा नाही. हाच शब्द त्यांना ठोक्यांनी पाठवायला लावा. अ, काना, श, दुसरी वेलांटी, र, पायमोड, व, काना, द. रफार कुणाच्या डोक्यावर द्यायचा हे डोळ्यांना समजत नाही, कानाला समजतं. तुमच्या मराठीच्या बाईंना हे जरूर दाखवा.

त्यांच्यासाठी आणखी एक गंमत आहे. यमाताराजभानसलगा, हे गण पाठ करायचं सूत्र त्यांना येतच असेल. सातवीला वृत्तं नसली तरी हरकत नाही. लघुला डॉट म्हणा, गुरूला डॅश. तीन अक्षरांचे आठ गण आणि मोर्समधली तीन खुणांची आठ अक्षरं हुबेहूब जुळतात. य-गण म्हणजे डब्ल्यू, र-गण म्हणजे के, भ-गण म्हणजे डी. भुजंगप्रयातात ओळीला चार य-गण, म्हणजे डब्ल्यू चार वेळा. आणि एसओएस? तीन डॉट म्हणजे न-गण, तीन डॅश म्हणजे म-गण, पुन्हा तीन डॉट म्हणजे न-गण. न, म, न. बुडत्या जहाजाची हाक आपल्या छंदशास्त्रात वाचली तर ‘नमन’! हा निव्वळ योगायोग आहे, आणि मुलांना तसंच सांगा, नाहीतर उद्या कुणीतरी ‘मोर्स आपल्याकडूनच गेला’ म्हणून निरोप फिरवेल. दोन चिन्हांच्या सगळ्या जुळण्या क्रमानं मांडायची रीत, म्हणजे प्रस्तार, छंदशास्त्र लिहिणाऱ्या प्राचीन पिंगलानं दिली आहे, हे मात्र खरं. दुसरी सावधगिरी: गुरू दोन मात्रांचा असतो, डॅश तीन डॉटांचा. त्यामुळे गणांची ओळख होईल, चाल जमणार नाही.

डॅश तीन डॉटांएवढा आहे, यावर गणिताचे दोन तास निघतात. अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक डॉट थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. म्हणजे न वाजलेली जागासुद्धा मोजायची. ती चुकली की एस-चा ‘ई ई ई’ होतो. मुलांना त्यांच्या गावाचं नाव इंग्रजी मोर्समध्ये किती डॉटांचं ते काढायला लावा. मी काढून पाहिलं: शेवटची सातची जागा धरून पुणे ४० आणि मुंबई ६०. गुणोत्तर २:३, आणि यावरून पुणेकर-मुंबईकर काय म्हणतील ते आपण सोडून देऊ. वेग मोजायला जगभर पॅरिस हा शब्द धरतात, कारण तो बरोबर ५० डॉटांचा आहे. डॉट ०.२ सेकंदांचा असेल तर पॅरिसला १० सेकंद, म्हणजे मिनिटाला ६ शब्द. डॉट ०.१ सेकंदाचा केला की १२ शब्द. व्यस्त प्रमाणासाठी पुस्तकातले मजूर आणि भिंत जरा बाजूला ठेवा. आणि कान्याला एक डॉट देण्यानं काय वाचलं, तेही काढा. त्याच कान्याला डॉट-डॅश-डॅश-डॅश दिला असता तर दर कान्यामागे १२ डॉट जास्त गेले असते. अकरा कान्यांचे १३२. डॉट ०.२ सेकंदांचा धरला तर ‘येरे येरे पावसा’ पाठवायला २६.४ सेकंद जादा, तोवर पाऊस येऊन गेलाही असता.

विज्ञानासाठी पट्टी-पेन सोडून खरं यंत्र करा. तीन इंची खिळा आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून उरलेली तांब्याची लॅकर चढवलेली तार घ्या. शे-दीडशे वेढे द्या, दोन्ही टोकांचं लॅकर ब्लेडनं खरवडा. हे राहिलं तर काहीच चालणार नाही, आणि अर्धा तास सेलला दोष देण्यात जाईल. हॅकसॉचं तुटकं पातं खिळ्याच्या डोक्यावर दोन-तीन मिलिमीटर अंतरानं येईल असं लाकडाला ठोका. दोन सेल आणि पत्र्याची दाबायची पट्टी जोडली की दाबल्यावर पातं ‘कट्ट’ करून खाली येतं. सोडल्यावर परत जायला हवं, पण पहिल्यांदा जाणार नाही, चिकटून बसेल. मुलं म्हणतील बिघडलं. तेव्हा खिळ्याच्या डोक्यावर कागदाची चिकटपट्टी लावा आणि विचारा, आता का सुटलं? लोखंडात थोडं चुंबकत्व मागे राहतं, हे त्यांच्या हाताला कळेल. घरच्या विजेला कुणी हात लावायचा नाही, आणि पट्टी दाबून धरायची नाही, तार तापते, हे आधी बजावा.

मग दोन वर्गांत दोन यंत्रं ठेवा आणि मधे बारीक तार लांबवत न्या. एका अंतरावर पातं हलेनासं होईल. ते का, आणि मग गावोगावी संदेश कसे जायचे? अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं दाखवलेली रिलेची युक्ती आता सांगा. मरगळलेला प्रवाह एक छोटं चुंबक हलवतो आणि ते चुंबक पुढच्या ताज्या बॅटरीचं बटण दाबतं. पोस्टाच्या धावकऱ्यांसारखं, पुढच्या टप्प्यावर नवा गडी.

इतिहास-भूगोलाला मी फार वेळ देणार नाही, नकाशा भिंतीवर असेल तर एक तास पुरे. १८४४ साली वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश गेला हे सगळे सांगतात. त्याआधी, १८३९ साली, कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरनं तारेचे प्रयोग केले होते, हे कुणी सांगत नाही. १८५०-५१मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार त्यानंच टाकली. सुरुवातीला इथे त्याचंच सुईचं यंत्र होतं, मोर्स नंतर आला. आणि १८७० साली ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजानं मुंबईहून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकली, पुढे ती सुएझमार्गे इंग्लंडला जोडली गेली. मुलांना बोटानं तो रस्ता गिरवू द्या. पाण्यात तारेला वेष्टण कशाचं, हा प्रश्न येईलच. गटापर्चाचं, मलायाकडच्या झाडांचा चीक तो. एक तार शोधायला निघालं की मलायाच्या जंगलापर्यंत जायला होतं. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, तेव्हा यंत्रं केव्हाच बदलली होती.

एक गोष्ट मात्र आजपासूनच बदला. भिंतीवर डॉट-डॅशचा तक्ता लावला असेल तर काढून टाका. माझे मामा एका आडबाजूच्या स्टेशनवर मास्तर होते. सुट्टीत मी त्यांच्या खोलीत पडलेला असायचो. कोपऱ्यातलं यंत्र दिवसभर कट्ट-कडकट्ट करत असे आणि मामा खुशाल गप्पा मारत भाकरी खात. मधेच घास तसाच ठेवून उठायचे, कारण त्या कडकडाटात त्यांच्या स्टेशनची हाक आलेली असायची. मी एकदा विचारलं, तुम्ही ठोके मोजता का? ते म्हणाले, ‘तू आईची हाक मोजतोस का?’ जी मुलं तक्त्यावरून शिकतात ती कायम मनात ठिपके मोजत बसतात आणि थोडा वेग वाढला की अडखळतात. दोनच अक्षरं घ्या, भरभर वाजवा, डोळे मिटून ओळखू द्या. जमली की तिसरं. तोंडानं म्हणायला ‘डी’ आणि ‘डा’ पुरतं. एखाद्या मुलाला नीट ऐकू येत नसेल तर त्याच्या तळहातावर ठोके द्या, किंवा टॉर्च घ्या.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. त्यांची बाजूही खरी आहे, चाचणीत जे झालं त्याचा जाब वरचे त्यांनाच विचारणार. त्यांच्याकडे तीन आठवडे मागा, स्काउटचा तास आणि तुमचे गणिताचे चार तास, एवढंच. तिसऱ्या शनिवारी त्यांना वर्गात बोलवा, त्यांच्या हातात चिठ्ठी द्या आणि त्यांना हवं ते मराठी वाक्य लिहायला सांगा. एक मुलगी ते व्हरांड्याच्या त्या टोकाकडून पाठवेल, दुसरी इकडे फळ्यावर उतरवेल. वाक्यात ते मुद्दाम एखादं अवघड जोडाक्षर घालतील, मुख्याध्यापक घालतातच.

नागरिकशास्त्र, चित्रकला, कार्यानुभव राहिले म्हणून हळहळू नका. ते त्यांच्या वाटेनं शिकवले जातील.

आणि मला एक कळवा. तुमच्या मुलांनी ‘ळ’ला कोणती खूण दिली? मोजणीत तो मागे पडेल, पाच खुणांचा लांबलचक कोड त्याच्या वाट्याला येईल. पण तुमच्या शेजारच्या गावाचं नाव ‘ळ’नं संपत असेल, तर तिथून येणारी पोरं भांडतील. भांडणात कोण जिंकलं तेही लिहा.

— तुमचा, निवृत्त सर